फियाट ११०० (भारतीय आवृत्त्या)

फियाट ११०० ही इटलीतील फियाट या कंपनीने १९५३ मध्ये सादर केलेली चार दारांची मोटार होय. तिच्या निरनिराळ्या आवृत्त्या मुंबईच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्स लिमिटेड या कंपनीने कुर्ला येथील कारखान्यात सुमारे साडेचार दशके तयार केल्या. मिलेचेंतो, एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, डिलाइट, प्रीमियर प्रेसिडेंट आणि प्रीमियर पद्मिनी ही या आवृत्त्यांची नावे. सर्वसामान्यांच्या बोलण्यात मात्र या साऱ्या गाड्यांना अखेरपर्यंत 'फियाट' असेच म्हटले गेले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पद्मिनी विशेष परिचित आहे.

या आवृत्त्यांमधील फरक वरवर पाहता किरकोळ वाटतात. परंतु पुष्कळसे सुटे भाग एका आवृत्तीतून काढून दुसरीत बसविता येत असल्यामुळे आज शिल्लक असलेली एखादी गाडी मूळ स्वरूपात आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी या किरकोळ फरकांचेच ज्ञान उपयोगी पडते. २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी 'मूळ स्वरूप' ही अट घातल्यापासून या ज्ञानाला व्यावहारिक महत्त्वही प्राप्त झाले आहे.

इटलीतील पार्श्वभूमी

फियाट कंपनीची स्थापना १८९९ मध्ये इटलीतील तुरिन शहरात झाली. कंपनीचे प्रमुख अभियंते दान्ते जियाकोसा यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेली ११००-१०३ ही गाडी मार्च १९५३ मध्ये जिनिव्हा येथील मोटार प्रदर्शनात मांडण्यात आली. वेगळी चौकट व तिच्यावर बसविलेला सांगाडा या जुन्या पद्धतीऐवजी तिचा सांगाडा एकसंध होता. इंजिन १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे, चार सिलिंडरांचे होते. गाडीच्या नावातील ११०० हा आकडा या क्षमतेवरूनच आलेला आहे.

हे इंजिन पूर्णतः नवे नव्हते. त्याचे पूर्वरूप १९३० च्या दशकातील फियाट ५०८ सी या गाडीत होते आणि इटलीच्या वेगवान मोटारींच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. एन्झो फेरारी यांनी १९४० मध्ये मोडेना येथे तयार केलेल्या 'ऑटो आव्हियो कोस्त्रुत्सिओनी ८१५' या शर्यतीच्या गाडीत फियाट ५०८ सी चे अनेक भाग वापरले होते. तिच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनावर ५०८ सी ची दोन सिलिंडर हेड ओळीने बसविलेली होती. स्वतःच्या नावाची पहिली गाडी बनविण्यापूर्वी फेरारी यांनी घडविलेली ही गाडी होय. तसेच न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात स्थान मिळालेली सिसितालिया २०२ ही गाडीही फियाट ११०० च्या इंजिनावर आधारलेली होती. मुंबईच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे धावलेल्या टॅक्सीचे इंजिन अशा रीतीने एका प्रतिष्ठित घराण्यातील ठरते.

इटलीत ११००-१०३ मध्ये वेळोवेळी बदल होत गेले. १९६२ मध्ये ११०० डी व १९६६ मध्ये ११०० आर या आवृत्त्या आल्या. १९६९ मध्ये फियाट १२८ ही नवी गाडी आल्यावर तेथील ११०० चे उत्पादन थांबले. भारतात मात्र ११०० डी चाच सांगाडा पुढे तीस वर्षांहून अधिक काळ वापरात राहिला.

भारतात आगमन

मूळचे सोलापूरचे उद्योजक वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. जहाजवाहतूक, विमाननिर्मिती आणि जहाजबांधणी या क्षेत्रांत पाऊल टाकल्यानंतर मोटारनिर्मिती हा त्यांचा पुढचा प्रकल्प होता. कंपनीने प्रथम अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी सहकार्य करून १९४७ पासून मालमोटारी व मोटारी जोडण्यास सुरुवात केली. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी फियाटशी संबंध जुळला आणि फियाट ५०० ही छोटी गाडी व पाठोपाठ ११०० या गाड्या कुर्ल्यात जोडल्या जाऊ लागल्या.

याच सुमारास सरकारने असे धोरण स्वीकारले, की ज्या कंपन्या टप्प्याटप्प्याने सुटे भाग देशातच बनवितील त्यांनाच मोटार व्यवसायात राहता येईल. परदेशातून सुटे भाग आणून येथे केवळ जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड या अमेरिकन कंपन्यांनी त्यामुळे भारतातील काम आवरते घेतले. मोटारींच्या बाजारात प्रीमियर, कलकत्त्याजवळची हिंदुस्तान मोटर्स आणि मद्रासची स्टँडर्ड या तीन कंपन्या प्रामुख्याने उरल्या.

या धोरणाचा आवृत्त्यांवर थेट परिणाम झाला. एखादा भाग देशात बनविण्याचे साचे व यंत्रे एकदा उभी राहिली, की ती बदलणे खर्चाचे होते आणि त्यासाठी लागणारे परकीय चलन दुर्मीळ होते. दुसरीकडे, १९५९ च्या आदेशाने मोटारींच्या वितरणावर व विक्रीवर सरकारी नियंत्रण आले. गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागत असल्याने ग्राहक मिळविण्यासाठी नवे रूप देण्याची कंपनीला निकड नव्हती. इटलीत सात वर्षांत कालबाह्य झालेला सांगाडा भारतात दीर्घकाळ टिकला तो या कारणांमुळे.

प्रमुख आवृत्त्या

मिलेचेंतो (११००-१०३): १९५४ पासून. 'मिलेचेंतो' याचा इटालियन भाषेतील अर्थ 'अकराशे'. हिचा आकार गोलसर असून पुढची बाजू फुगीर व पुढे आलेली दिसते. त्यावरून तिला मुंबईत 'डुक्कर फियाट' हे नाव पडले असे मानले जाते. हे नाव हेटाळणीचे न राहता पुढे लाडाचे झाले आणि आज जाणकारही तेच वापरतात. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या कडेला, म्हणजे गाडीच्या मधल्या खांबावर आहेत. त्यामुळे पुढचे व मागचे दार एकाच खांबापासून विरुद्ध दिशांना उघडते. चालत्या गाडीत असे दार चुकून उघडल्यास वाऱ्याच्या दाबाने ते सताड उघडे होण्याचा धोका असे. ही रचना पुढे मागे पडण्याचे ते एक कारण होते.

एलिगंट, सिलेक्ट व सुपर सिलेक्ट: १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९६० च्या दशकाच्या आरंभापर्यंत. इटलीतील १०३ डी व तिच्यानंतरच्या सुधारणांवर या गाड्या आधारलेल्या होत्या. डिकी लांब झाली व मागच्या कोपऱ्यांना त्या काळच्या अमेरिकन पद्धतीप्रमाणे लहानसे पंख आले. पुढची जाळी, चकचकीत पट्ट्या आणि आतील सजावट यांत फरक करण्यात आले.

डिलाइट (११०० डी): १९६४ पासून. अधिक सरळ रेषांचा, चौकोनी वळणाचा सांगाडा हे तिचे वैशिष्ट्य. चारही दारांच्या बिजागऱ्या पुढच्या कडेला आल्या. माजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी १९६४ मध्ये विकत घेतलेली फियाट प्रसिद्ध आहे. १२,००० रुपये किमतीच्या या गाडीसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० रुपयांचे कर्ज घेतले होते. ही गाडी नवी दिल्ली येथील त्यांच्या स्मारकात जतन केलेली आहे.

प्रीमियर प्रेसिडेंट: १९७२ च्या सुमारास. फियाटचे नाव व चिन्ह जाऊन त्या जागी प्रीमियरचे नाव आले. सांगाडा व यंत्रणा डिलाइटचीच राहिली. हे नाव अल्पकाळच वापरात असल्यामुळे प्रेसिडेंटची खूण असलेल्या गाड्या आज दुर्मीळ मानल्या जातात.

प्रीमियर पद्मिनी: १९७४ पासून. चितोडच्या राणी पद्मिनीवरून हे नाव देण्यात आले. सर्वाधिक काळ टिकलेली व सर्वाधिक परिचित अशी ही आवृत्ती होय. तिच्या अखेरच्या काळात १३७ डी ही डिझेल आवृत्ती व एस-१ ही सुधारित आवृत्ती निघाली. २००१ च्या सुमारास उत्पादन बंद झाले.

तांत्रिक माहिती

पद्मिनीचे पेट्रोल इंजिन १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे असून त्याची शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती होती. इटलीतील ११०० डी मध्ये १२२१ घन सेंटिमीटरचे मोठे इंजिन होते. एकच सांगाडा असूनही इटालियन व भारतीय गाडीत असलेला हा सर्वांत मोठा फरक होय. इटालियन माहितीपुस्तकातील आकडे भारतीय गाडीला लावले असता होणाऱ्या चुका पुष्कळदा यातून उद्भवतात.

गाडीची लांबी सुमारे ३.९ मीटर, पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २.३४ मीटर आणि वजन सुमारे ८९५ किलोग्रॅम होते. इंजिन पुढे असून शक्ती मागच्या चाकांना मिळत असे. पुढच्या चाकांना गुंडाळी स्प्रिंगा, तर मागे पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या. चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. चार गिअरांचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असे. याला बोलीभाषेत 'हँड गिअर' म्हणत. दांडा जमिनीवर नसल्याने पुढची बैठक बाकासारखी सलग ठेवता आली. अखेरच्या काळातील काही गाड्यांत गिअरचा दांडा जमिनीवर आला व पुढच्या दोन बैठका वेगळ्या झाल्या. १३७ डी मध्ये १३६६ घन सेंटिमीटरचे इटालियन बनावटीचे डिझेल इंजिन होते.

आवृत्ती ओळखण्याच्या खुणा

मोठे फरक प्रथम व लहान फरक नंतर पाहावे, असा सर्वसाधारण क्रम आहे.

दारांच्या बिजागऱ्या: पुढच्या दाराची बिजागरी मागच्या कडेला असल्यास गाडी डिलाइटपूर्वीची आहे.

सांगाड्याचे वळण: गोलसर मागची बाजू मिलेचेंतोची, पंखांची सुरुवात एलिगंटच्या काळातील, तर सरळ रेषा व मागे उभे दिवे डिलाइट आणि तिच्या नंतरच्या गाड्यांचे.

नाव व चिन्ह: फियाटचे चिन्ह डिलाइटपर्यंत, प्रीमियरचे त्यानंतर. ही खूण सर्वांत सहज दिसणारी, पण सर्वांत कमी भरवशाची आहे. कारण अक्षरे व चिन्हे स्क्रू काढून बदलता येतात. पद्मिनीवर फियाटचे चिन्ह लावण्याची हौस पूर्वीपासून आढळते.

जाळी, बंपर व पट्ट्या: अपघातानंतर किंवा गंज चढल्यावर हे भाग बदलले जात. त्या वेळी बाजारात जो भाग उपलब्ध असेल तोच बसविला जाई.

गिअर व बैठक: जमिनीवरचा गिअर जुन्या गाडीत आढळल्यास तो नंतर बसविलेला असतो.

क्रमांक: सांगाड्यावरील व इंजिनावरील ठोकलेले क्रमांक नोंदणी पुस्तकातील नोंदीशी जुळणे, ही शेवटची व निर्णायक कसोटी. इंजिन बदललेले असल्यास त्याची नोंद पुस्तकात असणे आवश्यक असते.

संग्राहकांमधील तुलना

जुन्या इटालियन मोटारींच्या आवृत्त्यांची तुलना हा जगभरातील शौकिनांचा आवडता विषय आहे. लॅम्बोर्गिनी मिउरा या अतिवेगवान गाडीच्या १९६६ ची पी ४००, १९६८ ची पी ४०० एस आणि १९७१ ची पी ४०० एसव्ही या तीन आवृत्त्यांपैकी श्रेष्ठ कोणती, यावर अद्याप चर्चा होते. पहिली आवृत्ती कल्पनेच्या दृष्टीने शुद्ध, तर शेवटची सुधारणांमुळे परिपक्व, असे या चर्चेचे दोन पक्ष असतात.

भारतीय फियाटच्या बाबतीतही असेच दोन पक्ष आढळतात. एका पक्षाच्या मते मिलेचेंतो व डिलाइट याच खऱ्या फियाट. त्यांच्यावर मूळ कंपनीचे चिन्ह होते, सुरुवातीच्या गाड्यांत इटलीतून आलेले भाग अधिक होते आणि पत्र्याची जाडी व जोडकाम सरस होते, असे हा पक्ष मानतो. दुसऱ्या पक्षाच्या मते पद्मिनी हीच या गाडीची अस्सल भारतीय आवृत्ती होय. जवळजवळ सर्व भाग देशात बनलेली, कुठल्याही गावातील मेकॅनिकला दुरुस्त करता येणारी आणि सर्वाधिक कुटुंबांची पहिली मोटार ठरलेली गाडी तीच, असा त्यांचा युक्तिवाद असतो. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मात्र पहिल्या पक्षाचा पत्र्याविषयीचा दावा एकेका गाडीच्या देखभालीवर फार अवलंबून असतो. समुद्रकाठच्या दमट हवेत उभी राहिलेली डिलाइट ही पुण्यात किंवा नाशकात सावलीत ठेवलेल्या पद्मिनीपेक्षा अधिक गंजलेली असू शकते.

मिउरा व फियाट यांच्या तुलनेत एक महत्त्वाचा भेद आहे. मिउराच्या तिन्ही आवृत्त्या मिळून हजाराहून कमी गाड्या बनल्या व त्यांतील बहुतेकींचा इतिहास लिहून ठेवलेला आहे. फियाट ही रोजच्या वापराची गाडी होती. तिच्यात कोणत्या वर्षी कोणता भाग बदलला, याची माहिती बव्हंशी जुनी माहितीपुस्तके, सुट्या भागांच्या सूची आणि जुन्या मेकॅनिकांची स्मृती यांत विखुरलेली आहे. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता व चोर बाजार ही जुने सुटे भाग मिळण्याची प्रसिद्ध ठिकाणे होत. तेथील दुकानदारांना हातात घेतलेला दिवा किंवा कडी कोणत्या आवृत्तीची, हे सांगता येते. व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया यासारख्या संस्थांच्या मुंबईतील मेळाव्यांतही मोठ्या परदेशी गाड्यांच्या जोडीला फियाट दिसतात.

टॅक्सी म्हणून वापर

फियाटचा टॅक्सी म्हणून मुंबईत वापर १९६० च्या दशकात वाढला. आधीच्या मोठ्या अमेरिकन गाड्यांपेक्षा ती कमी पेट्रोल घेई व अरुंद रस्त्यांत सहज वळे. शिवाय कारखाना शहरातच असल्याने भाग लवकर मिळत. कलकत्त्यात अँबॅसडरला जे स्थान होते, ते मुंबईत पद्मिनीला मिळाले. काळा सांगाडा, पिवळे छत, डाव्या बाजूला बाहेर बसविलेले मीटर आणि टपावरचा कॅरिअर ही तिची ओळख बनली. पुढे सीएनजीची टाकी डिकीत आल्यावर सामानासाठी कॅरिअरचे महत्त्व आणखी वाढले.

आवृत्त्यांच्या अभ्यासाच्या दृष्टीने टॅक्सी हा वेगळा वर्ग ठरतो. सततच्या वापरामुळे टॅक्सीचे इंजिन, दारे, जाळी आणि बैठका अनेकदा बदलल्या गेल्या. त्यामुळे एकाच टॅक्सीत वेगवेगळ्या वर्षांचे भाग सापडणे ही सामान्य गोष्ट आहे.

१९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि खासगी ग्राहक हळूहळू नव्या गाड्यांकडे वळले. टॅक्सींवर राज्य सरकारने २००८ मध्ये २५ वर्षांची व २०१३ मध्ये २० वर्षांची वयोमर्यादा घातली. मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. २० वर्षे पूर्ण झाल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईतून अधिकृतपणे हद्दपार झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बेस्टची जुनी डिझेलवरील दुमजली बसही बंद झाली होती. निदान एक पद्मिनी टॅक्सी शहरात जतन करून ठेवावी, अशी मागणी त्या वेळी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली.

जुन्या वाहनांची नोंदणी व मूळ स्वरूपाचा प्रश्न

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या वाहनांचा स्वतंत्र वर्ग करण्यात आला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली, खासगी वापरातील दुचाकी व चारचाकी वाहने यात येतात. वाहन मूळ स्वरूपात असावे. चौकट, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी अट आहे. पूर्वी नोंदलेल्या वाहनाला जुना क्रमांक कायम ठेवता येतो. नव्याने नोंदणाऱ्यांसाठी राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरे असलेली वेगळी मालिका आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुनर्नोंदणीचे ५,००० रुपये आहे. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मेळावा, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती व इंधन भरणे यांसाठीच ती चालविता येते.

मिलेचेंतोपासून प्रेसिडेंटपर्यंतच्या गाड्यांनी ५० वर्षांची मर्यादा ओलांडली असून १९७४ च्या पहिल्या पद्मिनी २०२४ पासून या वर्गात येऊ लागल्या. मात्र मधल्या काळात अनेक मालकांनी सोयीसाठी डिझेल इंजिन, जमिनीवरचा गिअर किंवा सीएनजी संच बसवून घेतले होते. पेट्रोल महाग असताना त्या बदलांमुळेच गाडी वापरात राहिली व भंगारात जाण्यापासून वाचली. पण त्याच बदलांमुळे तिचे मूळ स्वरूप नाहीसे झाले. उलट, न वापरता उभ्या राहिलेल्या गाड्या मूळ स्वरूपात असल्या तरी गंजाने खाल्लेल्या असतात.

बदललेली गाडी पूर्ववत करावयाची तर त्या आवृत्तीचे भाग हवेत, आणि ते मिळविण्यासाठी बहुधा दुसरी एखादी गाडी मोडावी लागते. यासाठी टॅक्सींचा उपयोग होऊ शकला असता. परंतु वयोमर्यादा संपलेल्या असंख्य टॅक्सी भंगारात गेल्या. त्यामुळे आज सुटे भाग जितके दुर्मीळ आहेत, तितकीच ते ओळखणारी माणसेही दुर्मीळ होत आहेत. आवृत्त्यांतील फरकांची पद्धतशीर नोंद करण्याचे काम त्यांच्या हयातीतच होण्याची आवश्यकता आहे.

हेही पाहा

वालचंद हिराचंद
प्रीमियर ऑटोमोबाईल्स लिमिटेड
हिंदुस्तान अँबॅसडर
मारुती ८००
मुंबईतील टॅक्सी